ट्रेडमार्कची सरकारी सेवा : नोंदणीला हातभार मिळाला, राखणीचे काय?

आमच्या वहिनी गेली अकरा वर्षे कांदा-लसूण मसाला करून विकतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, घराच्या परसात २०१४ मध्ये सुरू झालेले हे काम आज पत्र्याच्या शेडमध्ये मसाला कुटायचे दोन डंक आणि नऊ बायकांच्या हातांवर उभे आहे. धंदा वहिनींच्या एकटीच्या नावावर आहे. हिशेब, परवाने आणि सरकारी अर्ज मी पाहतो. त्यामुळे मसाल्याच्या नावाचा ट्रेडमार्क घेणे, त्याच्या खर्चाची सरकारी मदत मिळवणे आणि पुढे त्या नावाची नक्कल बाजारात आल्यावर ती थांबवणे, या तिन्ही गोष्टी माझ्या हातून गेल्या आहेत. लहान उद्योजकाला या सेवेतून नेमके काय मिळते आणि कुठे हात सुटतो, हे आमच्यासारख्या लोकांना आधीच ठाऊक असावे, म्हणून हा आढावा लिहीत आहे.

आधी नोंदणीबद्दल, कारण तिच्याविषयी मला चांगलेच लिहायचे आहे. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज करताना व्यक्ती, नवउद्योग (स्टार्टअप) आणि लघुउद्योग यांना मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे. इतरांना तेच ९,००० रुपये पडते. २०१७ च्या नियमांनी ही सवलत दिली आणि ती घेण्यासाठी लघुउद्योगाला उद्यम नोंदणीचे, म्हणजे लघुउद्योग म्हणून झालेल्या सरकारी नोंदणीचे, प्रमाणपत्र जोडावे लागते. मसाले ३० व्या वर्गात येतात, त्यामुळे आम्हाला एकच वर्ग पुरला. महाराष्ट्रातल्या अर्जदाराचा अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे, म्हणजे अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनाकडे जातो. मात्र अर्ज, उत्तर, सुनावणी हे सारे घरबसल्या होते आणि आम्हाला एकदाही मुंबई गाठावी लागली नाही. अर्जापूर्वी आपल्या नावासारखे नाव आधी कोणी घेतले आहे का, हे पाहण्याची शोधसुविधा सर्वांना विनामूल्य खुली आहे. ती वापरायला एक संध्याकाळ द्यावी. नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, ऱ्हस्व-दीर्घाच्या सगळ्या शक्यतांसह शोधावे, कारण कायदा नावाकडे कानानेही पाहतो आणि उच्चार जुळला तरी आक्षेप येतो.

आमच्या अर्जाला आक्षेप आला तो मात्र दुसऱ्या कारणाने. नावापुढे आम्ही ‘घरगुती’ हा शब्द जोडला होता. मालाचे वर्णन करणारा शब्द कोणा एकाच्या मालकीचा होऊ शकत नाही, असे कायद्याचे ९ वे कलम सांगते, आणि परीक्षण अहवालात नेमके तेच लिहून आले. उत्तराला ३० दिवस असतात. आम्ही त्या शब्दावर हक्क सांगणार नाही असे लेखी दिले आणि २०१४ पासून नाव वापरात असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडले. या प्रतिज्ञापत्रासाठी वहिनींच्या ट्रंकेतल्या जुन्या पावत्या उपयोगी पडल्या. आठवडी बाजारातल्या एका किराणा दुकानदाराला २०१४ च्या एप्रिलमध्ये दिलेली, हाताने लिहिलेली, हळदीचा डाग पडलेली १२ किलोची पावती हा आमचा सर्वांत जुना पुरावा ठरला. धंदा कितीही लहान असो, पहिल्या दिवसापासून नाव छापलेली पावती द्यावी आणि तिची प्रत जपावी, हे त्या दिवशी मला पटले.

अर्ज स्वीकारला गेल्यावर तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि तेथून चार महिने कोणालाही विरोध नोंदवता येतो. आमच्या अर्जाला कोणी विरोध केला नाही. अर्जापासून प्रमाणपत्रापर्यंत सोळा महिने गेले. ते हाती आले तरी हक्क अर्जाच्या तारखेपासून लागू धरला जातो, आणि दहा वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. प्रमाणपत्र येईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ लिहिता येते. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्याशिवाय छापू नये, ते बेकायदेशीर आहे. आमच्या छपाईवाल्याने हौसेने तो आधीच टाकला होता आणि पाकिटांचा एक गठ्ठा आम्हाला बाजूला काढावा लागला.

खर्चाची प्रतिपूर्ती हा दुसरा टप्पा. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने मार्च २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘एमएसएमई इनोव्हेटिव्ह’ योजनेत बौद्धिक संपदेसाठी वेगळा भाग आहे. त्यातल्या मर्यादा अशा : देशातील पेटंटला १ लाख, परदेशी पेटंटला ५ लाख, भौगोलिक मानांकनाला २ लाख, डिझाइनला १५ हजार आणि ट्रेडमार्कला १० हजार रुपये. पैसे आधी आपण भरायचे आणि नोंदणी झाल्यावर पावत्या जोडून मागायचे, अशी रचना असल्यामुळे ज्याच्या गाठीला सुरुवातीचे पैसे आहेत त्यालाच ती खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. तरीही आमचे शुल्क आणि एजंटाची फी मिळून झालेला जवळजवळ सगळा खर्च त्या मर्यादेत बसला. मान्यताप्राप्त नवउद्योगांसाठी २०१६ पासून आणखी एक योजना आहे. तिच्यात अर्ज तयार करून देणाऱ्या सुविधाकाराची फी सरकारच भरते आणि उद्योजकाला फक्त सरकारी शुल्क द्यावे लागते. आमचा धंदा त्या व्याख्येत बसत नव्हता, पण ज्यांचा बसतो त्यांनी ही सोय अवश्य घ्यावी.

इथपर्यंतच्या सेवेला मी मोकळ्या मनाने चांगली म्हणेन. खरी कसोटी पुढे लागली.

२०२४ च्या मार्चमध्ये, चटणी-मसाल्याचा हंगाम भरात असताना, शेजारच्या तालुक्यातल्या एका दुकानदाराने वहिनींना फोन केला. “वहिनी, या खेपेला मसाला जरा कोरडा लागतोय म्हणून गिऱ्हाइकं कुरकुर करतात बघा.” गेल्या दोन महिन्यांत आमचा माल त्यांच्याकडे गेलाच नव्हता. मी गाडीवर जाऊन एक पाकीट विकत घेतले आणि घरी आमच्या पाकिटाशेजारी ठेवले. तोच पिवळा रंग, तोच डाव्या कोपऱ्यातला खलबत्ता, नावातली एक वेलांटी पहिलीची दुसरी केलेली. मागच्या बाजूला तर आमचाच अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक जसाच्या तसा छापलेला होता, आणि उत्पादकाच्या पत्त्याच्या जागी नुसते जिल्ह्याचे नाव. वहिनींनी चिमूटभर मसाला तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळला. आमच्या मसाल्याला कांदा तळलेल्या तेलाचा ओलावा असतो आणि हात धुतला तरी लसणाचा वास राहतो. या मसाल्याने तळहात फक्त लाल झाला. त्या काही बोलल्या नाहीत. ते पाकीट त्यांनी देवघराशेजारच्या कपाटात, प्रमाणपत्राच्या फाइलवर ठेवून दिले.

ट्रेडमार्क कायद्याच्या १०३ व्या कलमानुसार खोटा ट्रेडमार्क लावणे आणि १०४ व्या कलमानुसार तसा माल विकणे हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी आहे, आणि ११५ व्या कलमाने हे गुन्हे दखलपात्र ठरवले आहेत. हे वाचून मी मोठ्या विश्वासाने पोलीस ठाण्यात गेलो. ठाण्याचे नाव मी देणार नाही, कारण जे घडले त्यात एका ठाण्याचा किंवा एका अधिकाऱ्याचा दोष आहे असे मी मानत नाही. त्याच ११५ व्या कलमात पुढे असे म्हटले आहे की, वॉरंटशिवाय झडती आणि जप्ती करण्याचा अधिकार पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यालाच आहे, आणि त्यानेही त्याआधी ट्रेडमार्क निबंधकाचे, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या प्रमुखाचे, मत घेतले पाहिजे व त्या मताप्रमाणेच वागले पाहिजे. तालुक्यातल्या उपअधीक्षकाच्या टेबलावर खून, चोऱ्या, मोर्चे, बंदोबस्त आणि यात्रा असतात. त्यातून वेळ काढून त्याने मुंबईला पत्र लिहायचे, मत येईपर्यंत थांबायचे, मग पथक काढायचे, पंच जमवायचे, दीडशे किलो मसाल्याचा मुद्देमाल उंदीर-घुशींपासून राखत ठेवायचा. या कामासाठी वेगळे मनुष्यबळ नाही, पेट्रोलची वेगळी तरतूद नाही, मुद्देमालाला जागा नाही. आमचा तक्रार अर्ज घेतला गेला, त्याची पोच मिळाली आणि हंगाम संपेपर्यंत तो तिथेच राहिला.

केंद्राच्या बौद्धिक संपदा प्रसार व व्यवस्थापन कक्षाने फिक्की या उद्योगसंघटनेच्या साथीने पोलिसांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका तयार केलेली आहे. गुन्हा कसा नोंदवावा, कोणती कागदपत्रे मागावीत, झडतीत काय पाहावे, हे तीत दिलेले आहे. मी तिची छापील प्रत काढून ठाण्यात दिली, आणि ठाणे अंमलदारांनी ती आस्थेने चाळली. पण पुस्तिका दिली म्हणून माणूस मिळत नाही.

जाणकार वकिलाने एक वेगळी वाट सांगितली, तीही इथे नोंदवतो. पाकिटावरचे चित्र ही कलाकृती आहे आणि तिला कॉपीराइटचेही संरक्षण असते. कॉपीराइट कायद्याच्या ६४ व्या कलमाखाली उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारीही वॉरंटशिवाय नकली प्रती जप्त करू शकतो, आणि तिथे निबंधकाच्या मताची अट नाही. या कायद्याच्या ६३ व्या कलमाखालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला आहे. म्हणजे त्याच पाकिटावरच्या खलबत्त्यासाठी फौजदार येऊ शकतो आणि नावासाठी मात्र उपअधीक्षकाची आणि मुंबईच्या मताची वाट पाहावी लागते. मालावर वापरायच्या कलाकृतीची कॉपीराइट नोंदणी करण्याआधी ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध-दाखला (तसे चिन्ह आधी कोणी नोंदलेले नाही असा) लागतो आणि त्याचे शुल्क वेगळे पडते. ज्यांचे बोधचिन्ह चित्रमय आहे त्यांनी हा खर्च पहिल्याच वर्षी करावा असा माझा आग्रह राहील. आम्ही केला नव्हता.

दरम्यान वहिनींनी एक साधा प्रश्न विचारला. “आपला परवान्याचा नंबर त्यानं छापलाय. उद्या कुणाला त्रास झाला तर माझ्यावर येणार ना?” त्या प्रश्नाने आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे वळलो, आणि तिथे मला जे दिसले ते या सगळ्या अनुभवातले सर्वांत शिकवणारे होते. तक्रारीनंतर नवव्या दिवशी अन्न सुरक्षा अधिकारी त्या दुकानात आले. त्यांनी नमुना घेतला, कायद्याप्रमाणे त्याचे चार भाग करून सील केले, दुकानदाराची सही घेतली, आणि घेतलेल्या मालाची बाजारभावाने किंमत मोजली. तीही कायद्याने द्यावीच लागते. अन्न विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावा असा नियम आहे. लेबलवर खोटी माहिती असलेले अन्न विकल्यास ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुकानदार घाबरले, माल देणाऱ्याचे नाव त्यांनी सांगितले आणि उरलेली पाकिटे खाली उतरवली.

त्या दुपारी मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून विचार करत होतो. पाकीट तेच, फसवणूक तीच, कायदेही दोन्ही संसदेनेच केलेले. फरक इतकाच की अन्नसुरक्षेच्या कायद्यामागे सरकारने पगारी अधिकारी, प्रयोगशाळा, सीलची लाख आणि नमुन्याची किंमत चुकवायला पैसे ठेवले आहेत. वजन-मापाच्या कायद्यामागे वैधमापन निरीक्षक आहेत. ट्रेडमार्कच्या कायद्यामागे जिल्ह्यात असे कोणीही नाही. आमच्या नावाचे रक्षण झाले ते परवाना क्रमांक चोरला गेला म्हणून. नक्कल करणाऱ्याने एवढी एक चूक केली नसती, तर त्या दुकानात कोणताही सरकारी माणूस आला नसता.

तिसरी वाट दिवाणी. ट्रेडमार्कधारक आपण राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो, त्यामुळे समोरच्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. ही १३४ व्या कलमाची सोय लहान माणसासाठी मोलाची आहे. दाव्याचे मूल्य ३ लाख रुपये किंवा अधिक असेल तर तो वाणिज्यिक न्यायालयाकडे जातो. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न बंधनकारक आहे आणि ती मध्यस्थी विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते. आमच्या पहिल्या वकिलांनी दाव्यासाठी सांगितलेली फी आमच्या एका हंगामाच्या नफ्याच्या निम्मी होती. ती ऐकून आम्ही नोटीस पाठवून थांबणारच होतो.

तेव्हा एका निवृत्त न्यायालयीन कर्मचाऱ्याने जे सांगितले, ते मी या लेखात सर्वांत ठळकपणे मांडू इच्छितो, कारण ते फार थोड्या उद्योजिकांना माहीत आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या १२ व्या कलमानुसार कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी साहाय्यास पात्र आहे. हे साहाय्य पोटगी आणि कौटुंबिक वादांपुरतेच आहे असा समज सर्वत्र आहे. कायद्यात तसे बंधन नाही. धंदा वहिनींच्या एकल मालकीचा होता, म्हणजे वादी त्याच होत्या. अर्ज दिला आणि प्राधिकरणाच्या यादीवरचा वकील मिळाला. तरुण वकील होता, ट्रेडमार्कचे प्रकरण त्याने पूर्वी हाताळले नव्हते हे त्याने पहिल्याच भेटीत सांगितले, आणि पुढच्या भेटीला तो कायद्याचे पुस्तक खुणा करून घेऊन आला. त्याच्या हुशारीला नाव ठेवायला जागा नाही. पण या विषयाचे प्रशिक्षण अशा वकिलांना सरकारी खर्चाने मिळाले, तर किती घरगुती धंदे वाचतील, याचा विचार कोणीतरी करायला हवा.

हंगाम उलटून गेला होता आणि दुकानातला माल खाली उतरला होता, म्हणून तातडीचा हुकूम न मागता आम्ही मध्यस्थीचा अर्ज केला. अर्जाचे शुल्क १,००० रुपये. आमच्या दाव्याच्या मूल्यासाठी मध्यस्थाची फी १५,००० रुपये, ती दोन्ही पक्षांत निम्मी, म्हणजे आमच्या वाट्याला ७,५०० रुपये आले. मध्यस्थी तीन महिन्यांत पुरी व्हावी अशी मुदत आहे आणि दोन्ही पक्षांच्या संमतीने ती दोन महिने वाढते. समोरचा माणूस तिसऱ्या तारखेला आला. पाकीट छापण्यासाठी जे सिलेंडर लागतात, ते त्याने दुसऱ्या गावच्या छपाईवाल्याकडून आमच्याच पाकिटाचा नमुना देऊन करून घेतले होते. ते सिलेंडर आमच्यासमोर घासून निकामी करायचे, उरलेली पाकिटे नष्ट करायची आणि ते नाव पुन्हा वापरायचे नाही, असा करार झाला. अशा कराराला लवादाच्या निवाड्याइतके बळ असते, त्यामुळे तो मोडल्यास पुन्हा पहिल्यापासून दावा लढावा लागत नाही. नुकसानभरपाई मिळाली नाही, ती मागण्याचा हट्ट आम्ही सोडला.

आता पैशांकडे पाहू. नोंदणीसाठी सरकारने शुल्कात ४,५०० रुपये सोडले आणि वर प्रतिपूर्ती दिली. राखणीसाठी म्हणून ठेवलेला एक रुपयाही आमच्यापर्यंत आला नाही. जो मोफत वकील मिळाला तो वहिनी स्त्री आहेत म्हणून, ट्रेडमार्कधारक आहेत म्हणून नव्हे. हाच धंदा माझ्या नावावर असता तर तेही मिळाले नसते. नोटीस, नमुन्याची खरेदी, प्रवास, मध्यस्थी आणि कामाचे बुडालेले दिवस धरून आमचा खर्च ३८ हजारांवर गेला, आणि गमावलेल्या हंगामाची मोजणी मी त्यात केलेली नाही. मे २०१६ च्या राष्ट्रीय बौद्धिक संपदा धोरणात अंमलबजावणी आणि न्यायनिवाडा हे एक स्वतंत्र उद्दिष्ट म्हणून लिहिलेले आहे. जागृतीवर त्यानंतर बरेच काम झाले. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने दहा लाख विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचण्याचे लक्ष्य मुदतीआधीच गाठले. मनुष्यबळाची तरतूद मात्र तालुक्यात उतरलेली मला दिसली नाही. पैशांची चणचण हे कारण इथे पुढे करता येणार नाही, कारण बौद्धिक संपदा कार्यालयांच्या वार्षिक अहवालांत अर्जदारांच्या शुल्कातून येणारा महसूल त्या कार्यालयांच्या खर्चापेक्षा कितीतरी अधिक दिसतो. तो पैसा आमच्यासारख्यांनी आपल्या नावाच्या रक्षणासाठी भरलेला आहे.

इतर देशांनी ही व्यवस्था कशी लावली हे पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये २०१३ पासून ‘सिटी ऑफ लंडन’ पोलिसांत बौद्धिक संपदेच्या गुन्ह्यांसाठी वेगळे पथक आहे आणि त्याचा खर्च तिथले बौद्धिक संपदा कार्यालय उचलते, म्हणजे नोंदणी करणारी संस्थाच राखणीचा खर्चही उचलते. अमेरिकेने २००८ च्या कायद्याने राज्यांच्या आणि स्थानिक पोलिसांना याच कामासाठी केंद्रीय अनुदान देण्याची सोय केली आणि त्यासाठी वर्षाला अडीच कोटी डॉलरपर्यंत तरतुदीला मुभा दिली. आपल्याकडे हक्कधारक सरकारी महामंडळ असले तरी पाठपुराव्याचा प्रश्न उरतोच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. २०२५ मध्ये एका इटालियन कंपनीच्या कोल्हापुरीसारख्या चपलांवरून वाद उठला तेव्हा इतरांनी केलेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. न्यायालयात यायचे तर नोंदणीकृत हक्कधारकांनी यावे, असा न्यायालयाचा रोख होता. चपला शिवणारा कारागीर स्वतः तिथवर कसा पोहोचेल, याचे उत्तर कोणत्याही योजनेच्या तक्त्यात मला सापडत नाही.

एवढे होऊनही ट्रेडमार्क घ्यावा की नाही, असे कोणी विचारले तर माझे उत्तर निःसंदिग्ध आहे : घ्यावा, आणि पहिल्याच वर्षी घ्यावा. प्रमाणपत्र नसते तर मध्यस्थीच्या टेबलावर आमचे म्हणणे कोणी इतक्या गंभीरपणे ऐकले नसते. उद्यम नोंदणी आधी करावी, सवलतीचे शुल्क भरावे, अर्ज होताच प्रत्येक पावती प्रतिपूर्तीसाठी वेगळ्या फाइलमध्ये लावावी. पाकिटावर चित्र असेल तर कॉपीराइटही घ्यावा. छपाईवाल्याशी सिलेंडर आपल्या मालकीचे राहतील असे लेखी करावे. आणि नक्कल दिसली की पाकिटाची मागची बाजू आधी वाचावी : परवाना क्रमांक, पत्ता, वजन, किंमत यांतले काही खोटे किंवा गाळलेले असेल, तर ज्या खात्याकडे पगारी निरीक्षक आहे त्याच्याकडे त्याच दिवशी जावे.

योजनेत दोन बदल व्हावेत असे मी जिल्हा उद्योग केंद्राला लेखी कळवले आहे. पहिला, नोंदणीप्रमाणेच नोटीस, मध्यस्थी आणि दाव्याच्या खर्चाचीही एका मर्यादेपर्यंत प्रतिपूर्ती व्हावी; आमच्यासारख्या प्रकरणाला २५ हजारही पुरले असते. दुसरा, प्रत्येक जिल्ह्यात निदान एक पोलीस अधिकारी या कामासाठी नेमावा आणि त्याच्या प्रवासाचा, पंचांचा व मुद्देमालाच्या साठवणीचा खर्च बौद्धिक संपदा कार्यालयांच्या शुल्कातून द्यावा. अर्जाला पोच मिळाली आहे. सोबत दोन्ही पाकिटांचे रंगीत छायाचित्र जोडले आहे. त्यात वेलांटीवर लाल शाईने गोल केला आहे, तो वहिनींनी स्वतः केला.